सिनेमातली पहिली बाई कोण? गावच्या वाचनालयात सांगायचं आहे

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजच्या बाजूच्या एका गावात राहतो, शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी गावचं वाचनालय उघडतो. आमच्याकडे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कोणीतरी एका माणसाबद्दल सांगायचं, असा रिवाज आहे. मागच्या खेपेला गाडगेबाबा झाले. या महिन्यात माझी पाळी आहे आणि मी मूकपटातल्या कमलाबाई गोखले निवडल्या आहेत.

त्याचं कारण आमचे मोठे काका. त्यांनी तरुणपणी गावच्या नाटकात पंधरा-सोळा वर्षं तारामती केली. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, तरी जुनी माणसं अजून "काय तारामती, कोनीकडं निंगाली?" अशी हाक मारतात आणि काका ओ देतात. मी त्यांना सांगितलं की दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्येही (३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन) तारामती पुरुषानेच केली होती. अण्णा साळुंके त्यांचं नाव. ग्रँट रोडच्या खानावळीत स्वयंपाकी होते, महिना १० रुपये पगार. फाळक्यांनी १५ देऊन आणले, असं सांगतात. काका एकदम सरळ बसले. म्हणाले, "म्हणजे पहिली हिरोईन गडीमाणूसच होता म्हन की!"

तिथून वाद पेटला. चावडीवर चार जणांचं म्हणणं, पहिली नायिका साळुंके. माझं म्हणणं, पहिली बाई ती पहिली. फाळक्यांचा पुढचाच चित्रपट 'मोहिनी भस्मासूर'. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, वय तेराच्या आसपास. तीच पुढे कमलाबाई गोखले.

माझे प्रश्न दोन. आईला पहिली म्हणायचं की मुलीला? आणि लोकांना दाखवायला काय आहे? नुसतं बोललो तर तासाभरात अर्धं गाव उठून जाईल.

कापूसकोंड्या

वाचतो आहे. काकांना आमचा नमस्कार सांगा.

गोदातीर

मी नाशिकचा. 'मोहिनी भस्मासूर' आमच्याकडे झाला, कारण 'हरिश्चंद्र'नंतर फाळक्यांनी बिऱ्हाड मुंबईहून नाशिकला आणलं होतं. त्याआधीचं काम दादरच्या घरी चालायचं. कॅमेरा लंडनहून आणलेला विल्यमसन, हाताने फिरवायचा. पैशासाठी विम्याची पॉलिसी आणि बायकोचे दागिने गहाण पडले होते. त्या बायकोचं, सरस्वतीबाईंचं, नाव तुमच्या भाषणात आलंच पाहिजे. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडणं, धुणं, हे सारं त्यांनी केलं. पडद्यावरची पहिली बाई शोधताना पडद्यामागची पहिली विसरू नका.

तूरडाळ

आई आणि मुलगी एकाच चित्रपटात आहेत, मग भांडण कशाचं? नायिका म्हटलं की कमलाबाई, कारण मोहिनीचं काम मुख्य. अभिनेत्री म्हटलं की दोघी. सोपं आहे.

मोहफूल

@तूरडाळ, इतकं सोपं नाही हो. कमला तेरा वर्षांची पोर होती. तिने ठरवलं नव्हतं, ठरवलं आईने. दुर्गाबाईंची गोष्ट माहीत आहे का? नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या तेव्हा पदरी तीन वर्षांची पोर. १९०३ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा अशा बाईपुढे काय होतं? दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी, नाहीतर त्याहून वाईट. त्या नाटक कंपनीत गेल्या. जातीने वाळीत टाकलं. पोर आईचं बोट धरून गावोगाव फिरली. शाळा नाही, कंपनी हेच घर. चौथ्या वर्षी रंगमंचावर उभी राहिली.

माझ्या मते 'पहिली' म्हणायचं तर दुर्गाबाईंना म्हणा. पहिलं पाऊल त्यांचं आहे.

तूरडाळ

मान्य, पण याला धाडस म्हणू नये असं मला वाटतं. पोटासाठी केलं. नाइलाज होता.

मोहफूल

नाइलाज होता म्हणून धाडस कमी होतं का? माझ्या आजीने नवरा गेल्यावर सावकाराच्या दारात उभं राहून जमीन सोडवली. तिलाही इलाज नव्हता. पण त्याच गावात नवरा गेलेल्या आणखी सहा बाया होत्या आणि त्या दारात आजी एकटीच गेली.

तूरडाळ

हं. हे पटलं. शब्द मागे घेतो.

बहिरमबुवा

राजेहो, मले यातलं लय कळत नाही, पण मिशीचा किस्सा सांगा ना कोणी! आमच्या आबाच्या तोंडून ऐकलेला हाय का फाळके सायबाले बाईच्या पार्टासाठी पोट्टे भेटत, पन मिशी काहाडाले कोनी तयार नव्हतं.

वैनगंगाकाठ

@बहिरमबुवा, किस्सा खरा आहे आणि काकांचाही हाच अनुभव आहे. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही, हा रिवाज मुंबईत होता तसा आमच्या झाडीतही (पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातही) होता. काका पहिल्यांदा तारामतीला उभे राहिले तेव्हा माझे आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. "मी मेलो का रे?" एवढंच म्हणायचे. शेवटी आजीने त्यांना नाटकाला नेलं. रोहिताश्वाच्या मरणाच्या प्रवेशात काका रडले आणि समोर आजोबाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनीच न्हाव्याला घरी बोलावलं. म्हणाले, "खुंट वाढले बाईचे, नीट करून दे."

बहिरमबुवा

वा! बाईचे खुंट!! हे भाषनात सांगाच.

पेटीमास्तर

कमलाबाईंच्या घराबद्दल थोडं लिहितो. मी तबला-पेटीच्या नादातला, म्हणून त्या बाजूने.

त्यांचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. ते किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करायचे. आवाज फुटला तशी ती कामं गेली. पुढे ते आपल्या घरच्या कंपनीत आले आणि तिथे नायिका झाल्या कमलाबाई. म्हणजे पाहा, बाईचं काम करणारा नवरा आणि तेच काम करणारी खरी बाई, एका घरात. वैनगंगाकाठ यांच्या काकांना ही गोष्ट फार आवडेल असं वाटतं.

नवरा लवकर गेला. कमलाबाई तेव्हा पंचविशीत, तिसरं मूल पोटात. तिन्ही मुलगे त्यांनी नाटक-सिनेमातल्या कमाईवर वाढवले. लालजी आणि सूर्यकांत गोखले तबलजी झाले. लालजींचा हात ज्यांनी ऐकला ते अजून कानाच्या पाळीला हात लावतात. थोरले चंद्रकांत गोखले नट, आणि त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले तर तुमच्या गावातल्या पोरांनाही माहीत असतील. सभेत 'विक्रम गोखल्यांची आजी' म्हणून सुरुवात करा, मागच्या रांगा लगेच पुढे येतील.

सुगरण_वर्धा

'विक्रम गोखल्यांची आजी' अशी ओळख नको ना हो. आयुष्यभर ती स्वतःच्या नावावर जगली. नातू सांगा, पण शेवटी सांगा.

पेटीमास्तर

बरोबर आहे ताई. शेवटी सांगू.

कापूसकोंड्या

एक सुचवू का? लोक जमवायचे असतील तर सुलोचनाबाई घ्या. रूबी मायर्स, पुण्याच्या, बगदादी ज्यू घरातल्या. टेलिफोन ऑपरेटर होत्या, तिथून सिनेमात आल्या. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये त्यांनी एकटीने आठ भूमिका केल्या, त्यात पुरुषाच्याही. महिना ५,००० रुपये पगार. मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा जास्त, असं लोक म्हणायचे. स्वतःची शेवरोले गाडी. गावातल्या पोरींना ही गोष्ट सांगायला काय हरकत आहे? १९३१ ला 'आलम आरा' आला, सिनेमा बोलू लागला आणि बाईंची पंचाईत झाली, हिंदुस्थानी येत नव्हती. वर्षभर घरी बसून भाषा शिकल्या आणि परत आल्या. आपल्याच मूकपटांचे बोलपट केले. १९७३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

सुगरण_वर्धा

आणि ललिता पवार? येवल्याच्या. १९२८ मध्ये लहान पोर असताना मूकपटात आल्या. पुढे शूटिंगमध्ये थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू गेली, डोळा बारीक झाला. तरी थांबल्या नाहीत. गावात प्रत्येकाने त्यांना 'रामायण' मालिकेतली मंथरा म्हणून पाहिलं आहे. आमच्याकडे पूर्ण मोहल्ल्यात एकच टीव्ही होता. माझी आजी मंथरा दिसली की बोटं मोडायची आणि कैकेयीला म्हणायची, "ऐकू नको वं तिचं!"

बहिरमबुवा

हाहा. आमच्या इकडे बहिरमच्या जत्रेत टुरिंग टाकीज यायची. तंबू, खाली भुई, बाया एकीकडे, गडी एकीकडे. रोडगे अन् वांग्याची भाजी खाऊन लोक तंबूत शिरत. रीळ तुटलं का सारे शिट्ट्या मारत, अन् ऑपरेटर आतून शिव्या देई. एकदा नायिका पान्यात बुडत असतानाच रीळ तुटलं. अर्धा तास लागला जोडाले. तोवर आमची बुढी पदरानं डोये पुसत, "गेली असंन आतापर्यंत" म्हणे.

गोदातीर

@बहिरमबुवा, सुंदर आठवण. फाळकेही आपले चित्रपट घेऊन गावोगाव फिरले होते. 'लंका दहन' (१९१७) मद्रासेत इतका चालला की नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. त्यात साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले! म्हणजे मोहिनी आणि पार्वती झाल्या दोन बायका, आणि त्यानंतर चार वर्षांनीही सीता पुरुषच. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याला वाटतं एकदा दार उघडलं की उघडलं. तसं झालं नाही. त्या दोघी आत गेल्या आणि मागे दार पुन्हा लोटलं गेलं.

रंगपट

मी बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते.

मी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करणारी बाई आहे. अठरा वर्षं झाली. दिवाळीनंतर सुरू होतं ते होळीपर्यंत. गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. दहा-साडेदहाला पडदा वर जातो आणि कोंबडं आरवतं तेव्हा आम्ही रंग पुसतो. मग गाडीत बसून पुढचं गाव. धान कापून झालेलं असतं, बांधीतून थंडी येते, आणि गाडीत आम्ही सहा-सात जणी एकमेकींच्या अंगावर टेकून झोपतो.

वैनगंगाकाठ सरांच्या काकांसारखी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी बाईचं काम केलं तेव्हा लोकांनी कौतुक केलं. आम्ही तेच केलं तेव्हा विचारलं, "कोणाची आहे?" काकांबद्दल मनात काही नाही, मोठे कलाकार असतील. फक्त फरक सांगते. त्यांना 'तारामती' म्हणून हाक मारतात ती मायेने. माझ्या माहेरी तीन वर्षं मला कोणी हाकच मारली नाही. धाकट्या बहिणीची सोयरीक दोनदा माझ्यामुळे मोडली. तिसऱ्यांदा जमली, कारण मुलाच्या आईने माझं नाटक पाहिलं होतं. ती म्हणाली, "जी बाई स्टेजवर असं रडते तिच्या घरचं वळण वाईट नसणार." हा हिशेब मला अजून कळला नाही, पण बहीण सुखात आहे.

दुर्गाबाईंबद्दल वरती वाचलं आणि मोबाइल बाजूला ठेवून बसले. पोरीला घेऊन कंपनीत. माझी मुलगीही सात वर्षांची होईपर्यंत मेकअपच्या पेटीशेजारी झोपली आहे. तिला प्रॉम्प्टरच्या आधी माझी वाक्यं यायची. आता ती गडचिरोलीला नर्सिंगला आहे.

आई की मुलगी, असा प्रश्न सरांनी विचारला आहे. मला वाटतं, ज्या बाईला तेव्हा माहीत होतं की परत जायला घर नाही, ती पहिली.

मोहफूल

ताई, नमस्कार.

तूरडाळ

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मी भंडाऱ्याचा, मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, दंडार हे लोकनाट्य पाहत मोठा झालो. तिथे नाच्या पोरगा लुगडं नेसून आला की आम्ही टाळ्या वाजवायचो. त्याच्या जागी आपल्या घरची कोणी असती तर, हा विचार आज पहिल्यांदा आला.

कापूसकोंड्या

सुलोचनाबाईंचा आग्रह सोडला. सर, ताईंनाच बोलवा वाचनालयात.

वैनगंगाकाठ

@रंगपट, ताई, तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या वेळी नागपूरहून पहिली बाई आली नाटकात. मी तेव्हा तिच्याशी बोललो नाही. माझा पार्ट गेला म्हणून राग होता." आणि मग, "तिला राहायला घर नाही मिळालं गावात. शाळेच्या व्हरांड्यात झोपली." हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही शनिवारी याल का? प्रयोग नसेल तर. गाडीची सोय करतो.

रंगपट

शनिवारी माझा प्रयोग आहे सर, कुरखेड्याकडे. पण निरोप पोचला. काकांना सांगा, राग नाही.

पेटीमास्तर

आता दुसऱ्या प्रश्नाचं बघू, दाखवायचं काय? 'मोहिनी भस्मासूर' आज पाहायला मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, झटकन पेट घेणारी. कित्येक रिळं चांदी काढण्यासाठी भंगारात विकली गेली. आपल्याकडे हजारावर मूकपट झाले, आज पूर्ण उरलेले बोटांवर मोजता येतील. २००३ मध्ये पुण्यातल्या आगीतही जुनी रिळं गेली. कमलाबाईंचं तेरा वर्षांचं रूप गेलं ते गेलं. मात्र रीना मोहन यांनी कमलाबाईंवर माहितीपट केला आहे. त्यात त्या म्हातारपणी स्वतः बोलतात, जुनी पदं आठवतात. तो मिळाला तर पाहाच.

गोदातीर

सर, 'कालिया मर्दन' (१९१९) दाखवा! तो बराचसा शिल्लक आहे, पाऊण तासाचा आहे. कृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनीने केलं, वय सात. आणि सुरुवातच अशी आहे: कथा सुरू होण्याआधी ती पोर साध्या मुलीच्या वेशात समोर येते आणि चेहऱ्यावर एकेक भाव करून दाखवते. राग, हसू, रडू. नंतर तिचाच कृष्ण होतो. फाळक्यांनी लपवलं नाही की ही मुलगी आहे. उलट आधी तीच ओळख करून दिली. स्वतःच्या लेकीला उभं केलं, म्हणजे त्या माणसाने दुसऱ्यांच्या लेकींना नुसतंच बोलावलं नव्हतं.

बहिरमबुवा

पन आवाज नाही त्याले. पाऊन तास गप बसन का गाव?

पेटीमास्तर

तेव्हाही गप्प नसायचं! पडद्याच्या बाजूला पेटी-तबला घेऊन वाजवणारे बसत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक जण गोष्ट मोठ्याने सांगे. सर, तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची भजनी मंडळी असेल ना? खंजिरी, पेटी, तबला. त्यांना पडद्यासमोर बसवा. कालिया फणा काढतो तेव्हा खंजिरी चढवा. अजून काय पाहिजे?

वैनगंगाकाठ

पेटीमास्तर!! हे डोक्यातच आलं नव्हतं. आजच मंडळींना विचारतो.

सुगरण_वर्धा

कसं झालं ते नक्की लिहा.

वैनगंगाकाठ

झालं. उशिरा लिहितो आहे, रोवणीच्या गडबडीत राहून गेलं.

शाळेचा प्रोजेक्टर, पडद्याला काकांचं धोतर. पंखा लावला की धोतर हलायचं आणि यमुनेला खऱ्या लाटा यायच्या, म्हणून पंखा कोणी बंद करू देईना. दीडशेच्या वर माणसं, त्यात बाया जास्त. आधी मी वीस मिनिटं बोललो. दुर्गाबाईंपासून सुरुवात केली. नवऱ्याचं घर सुटलं, जातीने टाकलं, इथपर्यंत आलो तेव्हा मागून एका म्हातारीने विचारलं, "मंग पोरीचं लग्न झालं का?" झालं म्हटल्यावर सगळ्या बाया हलल्या, निवांत बसल्या. मग कमलाबाई, तीन मुलं, पंचविशीतलं वैधव्य, नव्वदीच्या पुढचं आयुष्य. विक्रम गोखले अगदी शेवटी सांगितले, @सुगरण_वर्धा यांच्या म्हणण्याप्रमाणे.

भजनी मंडळींनी कमाल केली. मंदाकिनी पडद्यावर तोंडं करू लागली तशी पुढच्या पोरी तिच्यासारखीच तोंडं करू लागल्या. खंजिरीवाल्याने तिच्या प्रत्येक भावाला वेगळा ठोका दिला, आधी काहीच ठरलं नव्हतं. कालिया वर आला तेव्हा दोन बायांनी हात जोडले.

चावडीवरच्या वादाचा निकाल काकांनी लावला. चित्रपट संपल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "साळुंके होते ते माझ्यासारखे, दुसऱ्याच्या जागेवर उभे. जागा ज्याची होती ते मग आले." मी त्यांना काही शिकवलं नव्हतं.

रंगपट

सर, वाचून बरं वाटलं. यंदा मंडईच्या आठवड्यात तुमच्या शेजारच्या गावात आमचा प्रयोग लागला आहे. काकांना पहिल्या रांगेत आणा. आणि रात्री आम्हाला मुक्कामाला घर पाहिजे, सहा बाया आहोत.

वैनगंगाकाठ

काकांनी आत्ताच वरची खोली झाडायला घेतली आहे.